अंतर्गत परीक्षण : कागदाचे की वाटेचे?

दरवर्षी या स्मरणिकेसाठी मी बालसंगोपनावर काहीतरी लिहितो. लसीकरणाचे वेळापत्रक, दात येताना जुलाब होतात हा गैरसमज, परीक्षेच्या दिवसांतला मुलांचा आहार असे विषय आजवर होऊन गेले. यंदा संपादकांनी दूरध्वनीवरून विषय विचारला तेव्हा मी 'अंतर्गत परीक्षण, म्हणजे इंटर्नल ऑडिट' असे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते म्हणाले, "डॉक्टर, सी.ए. मंडळींची स्मरणिका वेगळी निघते."

त्यांचा विनोद मी मनापासून स्वीकारला, पण विषय बदलला नाही. पैशाच्या हिशेबात एखादी चूक नजरेतून सुटली तर ती पुढच्या वर्षी सापडते आणि दुरुस्तही होते. रुग्णालयाच्या कामकाजाचे परीक्षण करताना जे दिसायचे राहून जाते, त्याची किंमत मात्र त्या परीक्षणाशी काहीही संबंध नसलेला माणूस मोजतो. असे एक परीक्षण मी स्वतः केले होते. त्याखाली सही माझी होती. म्हणून या विषयावर मीच लिहावे असे मला वाटले.

एक संध्याकाळ

बडोद्यात माझे स्वतःचे छोटे बालरुग्णालय आहे. त्याशिवाय अनेक वर्षे मी एका मोठ्या रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात मानद सल्लागार म्हणून जात आलो आहे. त्या रुग्णालयाचे नाव येथे देत नाही, कारण जे घडले ते आपल्यापैकी कोणाच्याही संस्थेत घडू शकले असते. मानांकनाची तयारी सुरू झाली तेव्हा दोन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन मी तेथील अंतर्गत परीक्षकांपैकी एक झालो. माझ्या हाती एक प्रश्नसूची आली आणि मी ती घेऊन विभागाविभागातून हिंडलो. प्रतिजैविकांच्या वापराचे धोरण लेखी आहे काय? आहे. त्यावर सही आणि दिनांक आहे काय? आहे. परिचारिकांना प्रशिक्षण दिल्याची नोंद? आहे. हात धुण्याच्या पायऱ्यांची चित्रे बेसिनवर लावली आहेत? लावली आहेत. औषधपत्रकावर डोसची वेळ लिहिली जाते? जाते. अहवालाच्या शेवटी मी 'एन.सी. : निरंक' असे लिहिले. चहा झाला, अभिनंदन झाले, मी क्लिनिकला परतलो.

त्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते. एका संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी छोटाउदेपूरच्या बाजूचे एक जोडपे अकरा दिवसांचे बाळ घेऊन आले. बाळ सकाळपासून दूध ओढत नव्हते, हातपाय गार पडले होते, रडणे क्षीण झाले होते. निवासी डॉक्टरने दहा मिनिटांत बाळाला पाहिले. रक्तातील जंतुसंसर्ग आणि त्यातून आलेला शॉक, हे त्याने ओळखले. मला फोन केला आणि आठ वाजता रक्ताच्या तपासण्या, सलाईन व दोन प्रतिजैविके लिहिली. निदान बरोबर, औषधे बरोबर, वजनानुसार मात्राही बरोबर. "ठीक आहे, सुरू करा," असे म्हणून मी क्लिनिकमधली उरलेली मुले पाहू लागलो. साडेदहाला तेथे पोहोचलो तेव्हा सलाईन चालू होते, बाळ उबदार पाळण्यात होते आणि प्रतिजैविक अजून आलेले नव्हते. पहिला डोस दहा वाजून पन्नास मिनिटांनी गेला.

अशा बाळाला शॉकची लक्षणे असताना प्रतिजैविक शक्य तितक्या लवकर आणि ओळख पटल्यापासून तासाभरात द्यावे, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. बालकांमधील सेप्सिसविषयीच्या २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही तेच आहे. आमच्या भिंतीवरच्या धोरणातही तेच लिहिलेले होते आणि ते धोरण मीच 'तपासले' होते.

बाळ वाचले. मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेला संसर्ग तीन आठवड्यांच्या उपचारांनी आटोक्यात आला. पुढे फेरतपासणीत बाळाची आई म्हणाली की घरात थाळी पडली तरी हा दचकत नाही. श्रवणचाचणीत दोन्ही कानांकडून प्रतिसाद मिळाला नाही. डोस वेळेवर गेला असता तर त्या मुलाला आज ऐकू आले असते, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मेंदूज्वर वेळेवर उपचार करूनही कान घेऊन जातो, हे आपण सारे जाणतो. पण त्या तीन तासांनी काहीच फरक पडला नाही, असेही मला म्हणता येत नाही.

वेळ कोठे गेला?

दुसऱ्या दिवशी मी केसपेपर, संगणकातील नोंदी आणि माणसांच्या आठवणी जुळवून ती संध्याकाळ पुन्हा मांडली. आठ वाजता परिचारिकांची पाळी बदलते. पाळण्यापाळण्याशी उभे राहून कामाचे हस्तांतरण झाले आणि तोवर नव्या बाळाची फाइल टेबलावर राहिली. आठ पस्तीसला परिचारिकेने ती उघडली. औषधाची मागणी संगणकातून पाठवायची, तर संगणक भरती क्रमांक मागत होता. भरती क्रमांक देणारा काउंटर ओळखपत्र आणि अनामत मागत होता. वडील पैशासाठी नातेवाइकांना फोन करायला बाहेर गेले होते. नऊ पंचवीसला क्रमांक मिळाला, साडेनऊला मागणी गेली. रात्रीच्या औषध काउंटरवर एकच माणूस आणि समोर रांग. दोनपैकी एक औषध तेथे शिल्लक नव्हते, ते मुख्य कोठारातून काढावे लागले आणि कोठाराची किल्ली सुरक्षा अधिकाऱ्याकडे होती. सव्वादहाला औषध वडिलांच्या हाती आले. ते आधी चुकीच्या मजल्यावर गेले. दहा पस्तीसला औषध आमच्या विभागात पोहोचले. मग ते पातळ करणे, दुसऱ्या परिचारिकेकडून मात्रा पडताळणे आणि डोस.

मी दोषी कोण ते शोधत होतो आणि मला दोषी सापडेना. पाळी बदलताना हस्तांतरण करावे, हा नियम. क्रमांकाशिवाय औषध देऊ नये, हा नियम. कोठाराची किल्ली रात्री सुरक्षा विभागाकडे असावी, हाही नियम. मात्रा दोघांनी पडताळावी, हा तर उत्तम नियम, कारण दीड किलोच्या बाळाच्या औषधात दशांशचिन्ह एक घर सरकले तर डोस दसपट होतो. प्रत्येक विभाग आपापल्या नियमाप्रमाणे वागला होता आणि प्रत्येक विभागाची प्रश्नसूची माझ्याकडून उत्तीर्ण झालेली होती.

माझे थोरले बंधू इथल्याच एका पेट्रोरसायन कारखान्यातून गुणवत्ता विभागाचे काम पाहून निवृत्त झाले. रविवारी त्यांच्याकडे पोहे खाताना मी हा प्रकार सांगितला. दादाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "अरे, तू ऑडिट विभागांचं केलंस की प्रोसेसचं?" मी गप्प राहिलो. तो म्हणाला, "तू एकेक खोली तपासलीस. वेळ गेला तो दोन खोल्यांच्या मधे. आमच्याकडे ही चूक पंचवीस वर्षांपूर्वी सगळ्यांनी केलेली आहे."

कारखान्यांनी शिकलेला धडा

दादा म्हणाला ते खरे होते. गुणवत्ता व्यवस्थापनाची आयएसओ ९००० ही मानकमाला १९८७ साली आली. तिच्या १९९४ च्या आवृत्तीत आयएसओ ९००१ ची वीस कलमे होती आणि परीक्षक ती वीस कलमे हाती घेऊन प्रश्न विचारीत. परिणामी कारखान्यात कागदांचे ढीग उभे राहिले. कलम पूर्ण, नोंद पूर्ण, पण माल परत येतोच आहे, असा अनुभव अनेकांना आला. इ.स. २००० च्या आवृत्तीने ही मांडणीच बदलली आणि 'प्रक्रियाधिष्ठित दृष्टिकोन' मध्यभागी आणला. संस्था म्हणजे विभागांची बेरीज नव्हे. ती एकमेकींत गुंतलेल्या प्रक्रियांची साखळी आहे, एका प्रक्रियेतून जे बाहेर पडते तेच पुढच्या प्रक्रियेत शिरते, असा तिचा गाभा आहे. २०१५ च्या आवृत्तीने त्याला जोखमीच्या विचाराची जोड दिली आणि अंतर्गत परीक्षणाचे नियोजन करताना त्या त्या प्रक्रियेचे महत्त्व लक्षात घ्यावे असे सांगितले. परीक्षण कसे करावे याचे मार्गदर्शन करणाऱ्या आयएसओ १९०११ च्या २०१८ च्या आवृत्तीतही प्रक्रियाधिष्ठित परीक्षणाचा स्वतंत्र उल्लेख आहे.

आपल्या क्षेत्रातही हा विचार नवा नाही. अमेरिकेतील जॉइंट कमिशनने २००४ पासून 'ट्रेसर' पद्धत स्वीकारली. तपासनीस एक रुग्ण निवडतो आणि तो ज्या वाटेने गेला त्याच वाटेने, दारापासून घरी सोडेपर्यंत, स्वतः चालत जातो. आपल्याकडील एनएबीएचच्या मानकांतही रुग्णाचा प्रवेश, त्याची काळजी, औषधव्यवस्था, संसर्गनियंत्रण अशी प्रकरणे आहेत आणि ती एकमेकांशी जोडून वाचली तर त्यातून रुग्णाची वाट दिसू लागते. अडचण आमच्या वाचण्याची होती. आम्ही प्रकरणे विभागून घेतली, एकेकाला एकेक प्रकरण दिले आणि वाट कोणाच्याच वाट्याला आली नाही.

खरे तर वैद्यकाच्या इतिहासातले एक थोर परीक्षण याच जातीचे आहे. व्हिएन्नातील सेमेलवाइसच्या रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या माता कितीतरी अधिक होत्या. खोल्या, हवा, खाट, आहार यांची तुलना करून हाती काही लागेना. १८४७ साली शवविच्छेदनाच्या वेळी जखम होऊन त्याचा एक सहकारी तशाच लक्षणांनी दगावला, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की विद्यार्थ्यांचे हात शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट प्रसूतिकक्षात येतात. दोन्ही खोल्या आपापल्या जागी ठीक होत्या. घात होता तो त्यांच्यामधल्या वाटेत. क्लोरीनच्या द्रावणात हात धुणे सक्तीचे केल्यावर मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले.

कासवाचे चित्र

दादाने मला एक आकृती काढून दिली. कारखान्यातले परीक्षक तिला 'टर्टल' म्हणतात. आपल्या देवळांत देवापुढे कासव असते, त्यामुळे मला ती लगेच पाठ झाली. कासवाची पाठ म्हणजे प्रक्रिया. एका टोकाला जे आत येते ते, दुसऱ्या टोकाला जे बाहेर पडते ते. चार पाय म्हणजे चार प्रश्न : कशाने, म्हणजे साधने व जागा, कोणी, म्हणजे माणसे व त्यांचे कौशल्य, कसे, म्हणजे पद्धत, आणि कशावरून, म्हणजे काम नीट झाले हे कोणत्या मोजमापाने कळणार. याशिवाय या प्रक्रियेचा धनी कोण, हा एक प्रश्न वर उरतो.

आम्ही 'आजारी बाळ दारात आल्यापासून पहिल्या प्रतिजैविकापर्यंत' असे एक कासव काढले. आत येते आजारी बाळ, बाहेर पडायला हवा तासाभरातला पहिला डोस. चार पाय भरता भरता तीन पाय भरले. चौथ्याशी अडलो. मोजमापच नव्हते. डोसची वेळ लिहिली जात होती आणि मी ती लिहिलेली आहे एवढे पाहिले होते. लिहिण्याची वेळ आणि बाळ येण्याची वेळ यांची वजाबाकी कोणी केली नव्हती. धन्याच्या प्रश्नाशी तर आम्ही सगळेच एकमेकांकडे पाहू लागलो. भरतीचा धनी प्रशासन, औषधाचा धनी औषधविभाग, डोसची धनी परिचारिका, निर्णयाचा धनी मी. अख्ख्या वाटेचा धनी कोणीच नाही.

त्यानंतरचे परीक्षण आम्ही प्रश्नसूचीशिवाय केले. एका रात्री मी, एक परिचारिका आणि औषधविभागातील एक सहकारी असे तिघे घड्याळ घेऊन दारापाशी बसलो आणि जे पहिले आजारी बाळ आले त्याच्या मागोमाग निघालो. मधे हात घालायचा नाही, मात्र बाळाला धोका दिसला तर परीक्षण तिथेच थांबवायचे, असे ठरले होते. मग मागील काही आठवड्यांचे केसपेपर काढून त्यातली वजाबाकी केली. उशीर अपवादाने नव्हता. पाळी बदलण्याच्या सुमारास आलेल्या बाळांत तो वारंवार दिसत होता.

जे बदल केले ते लाजावे इतके साधे होते. पहिल्या डोसची औषधे नवजात विभागातच कुलूपबंद पेटीत ठेवली. भरती क्रमांकाआधी तात्पुरत्या क्रमांकावर पहिला डोस देण्याची लेखी मुभा मिळाली. पाळी बदलताना एका परिचारिकेने नव्या बाळापाशीच थांबावे असे ठरले. पैशाचा विषय पहिल्या डोसनंतर काढायचा, असेही ठरले. वाटेची धनी म्हणून विभागाच्या मुख्य परिचारिकेचे नाव लिहिले आणि तिला औषधविभागाला रात्रीही थेट फोन करण्याचा अधिकार दिला. पुढील काही महिन्यांत बहुतेक बाळांना पहिला डोस तासाच्या आत मिळू लागला. सर्वांना नाही. पुढच्या परीक्षणात त्याच पेटीत मुदत संपलेली एक कुपी सापडली, कारण पेटी ठेवली पण ती तपासायची कोणी हे ठरवायचे राहिले होते. म्हणजे बदलातूनही नवी त्रुटी जन्माला येते. परीक्षण एकदाच करून भागत नाही, ते यासाठी.

फ्रिजचा तक्ता

हे सारे मोठ्या रुग्णालयांपुरतेच आहे असे कोणी म्हणेल, म्हणून माझ्याच क्लिनिकची गोष्ट सांगतो. लसी दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये ठेवायच्या असतात. माझ्या फ्रिजवर तापमानाचा तक्ता होता आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ आकडा होता. कलमाच्या भाषेत मी उत्तीर्ण. एकदा मी तो तक्ता जरा निरखून पाहिला. महिनाभर प्रत्येक दिवशी चार अंश, एकाच पेनाने, एकाच हाताने, रविवारीसुद्धा. रविवारी क्लिनिक बंद असते.

मदतनीस मुलीला मी रागावणार होतो. पण कासव काढून पाहिले तेव्हा दिसले की तिला आकडा लिहायला सांगितले होते, आकडा पाच अंशांऐवजी दहा किंवा शून्य आला तर काय करायचे हे कधीच सांगितले नव्हते. ज्या नोंदीतून कोणतीही कृती निघत नाही ती नोंद माणूस शेवटी एकगठ्ठा भरतो. हिपॅटायटिस-बी किंवा डी.पी.टी.सारखी लस एकदा गोठली की तिची शक्ती जाते आणि वितळल्यावर वरवर पाहून ते सहज ओळखता येत नाही. 'शेक टेस्ट' केली तरच तळाशी लवकर बसणारा गाळ दिसतो. अशी लस टोचलेले मूल रडते, आई कार्डावर तारीख घालून घेते, सगळे काही रीतसर होते आणि संरक्षण मात्र मिळत नाही. आता लस विक्रेत्याकडून येते तेथपासून मुलाच्या मांडीपर्यंतची वाट आम्ही वर्षातून दोनदा चालून पाहतो. तापमापक स्वतःच नोंद ठेवणारा आहे. आकडा हद्दीबाहेर गेला तर कोणाला फोन करायचा, ते फ्रिजच्या दारावर लिहिलेले आहे.

आक्षेप

या विचारावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप असा की मग कलमवार तपासणी टाकूनच द्यायची काय? मुळीच नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम, गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याची नोंदवही, अग्निसुरक्षेची प्रमाणपत्रे यांत कागद हाच पुरावा असतो आणि तो कलमानुसारच तपासावा लागतो. माझे म्हणणे एवढेच की ती परीक्षणाची पहिली पायरी आहे आणि आपण तिथेच जिना संपला असे समजतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. एक डॉक्टर, चार परिचारिका आणि पंधरा खाटा असलेल्या नर्सिंग होमने हे कधी करायचे? याला माझे उत्तर असे की प्रक्रियाधिष्ठित परीक्षण उलट कमी वेळात होते. शंभर प्रश्न सगळ्यांना विचारण्याऐवजी ज्या दोनतीन वाटांवर रुग्णाचा जीव अवलंबून आहे, त्याच निवडायच्या.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे : भीती. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत असल्याचे स्पष्ट केले, तेव्हापासून आपली त्रुटी आपल्याच हाताने लिहिणे आपल्याला धोक्याचे वाटते. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण वेळा केसपेपरवर लिहिलेल्या असतातच. वजाबाकी आपण केली नाही म्हणून ती दुसऱ्या कोणाला करता येत नाही, असे थोडेच आहे? ती आपण आधी केली तर निदान पुढच्या बाळासाठी काही करता येते.

आणखी एक गोष्ट मला खटकते. २०१८ साली आयुष्मान भारत योजना आल्यापासून मानांकनाला पैशाचेही महत्त्व आले, कारण मानांकित रुग्णालयांना वाढीव दराचे प्रोत्साहन मिळते. त्यात गैर काही नाही. परंतु त्यामुळे तयार कागदपत्रांचे संच विकणारे सल्लागारही आले. दुसऱ्या गावच्या रुग्णालयाचे नाव खोडून आपले घातलेले धोरण मी पाहिले आहे. अशा धोरणात आपल्या कोठाराची किल्ली रात्री कोणाकडे असते हे कसे सापडणार?

महाराजांचा दौरा

बडोद्यात राहणाऱ्या आपल्याला हा विचार परका वाटू नये. संवत १९५६ चा, म्हणजे इ.स. १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ गुजरातच्या स्मरणात अजून आहे. त्या वेळी महाराजा सयाजीरावांकडे अहवाल येत नव्हते असे नाही. तरीही त्यांनी दुष्काळी भागाचा दौरा केला आणि त्या दौऱ्याची टिपणे १९०१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ज्या राजाच्या आश्रयाने आपली चार-पाच पिढ्यांची मराठी घरे या शहरात उभी राहिली, त्याने कचेरीतल्या कागदावर न थांबता मदत पोहोचते तिथवर जाऊन पाहिले. आपल्याला तर एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायचे आहे.

मंडळापुढे एक प्रस्ताव

आपल्या मंडळात स्वतःचे रुग्णालय किंवा नर्सिंग होम चालवणारे अनेक सभासद आहेत. आपण वर्षातून दोन स्नेहसंमेलने घेतो, एक आरोग्यशिबिर घेतो. त्यात मी आणखी एक लहानसे काम सुचवतो. दोन सभासदांनी दर तीन महिन्यांनी तिसऱ्याच्या रुग्णालयात जावे आणि एकाच रुग्णाच्या मागोमाग, दारापासून शेवटपर्यंत, चालून यावे. स्वतःच्या कामाचे परीक्षण स्वतः करू नये हे मानकांतही सांगितले आहे, आणि एकट्या डॉक्टरच्या रुग्णालयात त्याला शेजाऱ्याच्या डोळ्यांशिवाय दुसरा उपाय नाही. विषय तीनच ठेवावेत : गंभीर रुग्णाचा पहिला डोस, लसींची शीतसाखळी आणि घरी सोडलेल्या रुग्णाची फेरतपासणी. जे दिसेल ते त्या रुग्णालयाच्या मालकालाच तोंडी सांगावे. तुलना नाही, गुण नाहीत, ढाल नाही. जाताना सी.ए. सभासदांपैकी कोणी बरोबर आले तर उत्तमच, कारण वजाबाकी करायला त्यांचा हात बसलेला आहे.

सुरुवात माझ्या रुग्णालयापासून करावी. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी मी दार उघडे ठेवतो. माझा फ्रिज, माझी औषधाची कपाटे, माझे केसपेपर, सारे पाहावे. गेल्या वेळी मी दुसऱ्याच्या घरी गेलो होतो आणि सगळे ठीक आहे असे लिहून आलो होतो.

ते मूल आता श्रवणयंत्र लावते. आई त्याला दर काही महिन्यांनी तपासणीला आणते. तिने मला त्या रात्रीबद्दल कधी काही विचारलेले नाही. औषध आणायला त्याच्या बापाला आपण कोणत्या मजल्यावर पाठवले होते, हे मला मात्र ती दारात दिसली की दर वेळी आठवते.